साठ घरांची किम्ची

तालुक्याचं अंदाजपत्रक पूर्वी तालुक्यातच ठरायचं. कुणी रस्ता खणायला आलं, की आम्हाला कळायचं पैसा कुठं गेला. नवे तालुकाप्रमुख निवडून आले आणि म्हणाले, गावात काय ठेवायचं ते गावानंच सांगावं. म्हणून ऑक्टोबरात एक तरुण कारकून दोन मोठे फलक घेऊन आमच्या गावात, दोल्मोरूत, आला. गावाच्या बैठकघरात त्यानं ते भिंतीला टेकवले. एकावर आमच्या शाळेचा फोटो, दुसऱ्यावर आरोग्य उपकेंद्राचा. मग प्रत्येक मोठ्या माणसाला त्यानं एकेक लाल टिकली दिली. जे हवं त्या फोटोखाली चिकटवायची.

“लग्नात लावली होती अशी,” हामानवाली म्हणाली. “कपाळाला एक, गालांना दोन. आता कुणाला दाखवू?”

“मला दाखव,” मेंग म्हणाले. मेंग आमचे गावप्रमुख, शहात्तर वर्षांचे.

“तुम्हाला दिसतंय कुठं.”

सगळे हसले. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. ती हामानची म्हणून हामानवाली. मला मात्र कुणी माहेरावरून हाक मारत नाही. मी बुद्धाच्या देवळाचं करते, नेम पाळते, म्हणून सगळे बोसाल म्हणतात.

कारकुनानं घसा साफ केला. दोन्हींना पुरेल एवढा पैसा नाही, तो म्हणाला. शाळेत मूल एक, त्याच्यामागे शिक्षिका एक, स्वयंपाकीण एक, डिझेल, जेवण. उपकेंद्रात सिस्टर एक आणि औषधं. एकच चालू राहील. “आणि आजी-आजोबा, एक लक्षात ठेवा. नोंदीत शंभर माणसं असतील त्याच गावाला उपकेंद्र. हा वरचा नियम आहे, माझ्या हातात नाही.”

“आहेत की,” मेंग म्हणाले. “एकशेदोन.”

“मग प्रश्नच नाही.”

आणि खरंच कुणाला प्रश्न पडला नाही.

मला काय हवं होतं ते सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, लघवीची नळी लागली. दर मंगळवारी उपकेंद्रातल्या ब्योन सिस्टर येतात, नळी बघतात, महिन्यानं बदलतात, पाठीची जखम धुतात. तालुक्याचं इस्पितळ घाटापलीकडे सव्वा तासावर आहे. उपकेंद्र गेलं, की ह्यांना तालुक्याच्या सेवागृहात ठेवणं आलं. तिथं एका खोलीत सहा खाटा असतात. आमचे दीर तिथंच गेले. त्यांना भेटून आलो त्या दिवशी, तेव्हा हे धडधाकट होते, परतीच्या बसमध्ये ह्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “मला तिथं टाकू नकोस.” मी नाही टाकणार म्हटलं. मी पहाटे उठून एकशेआठ दंडवत घालते, एकवीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. जीव घ्यायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, खोटं बोलायचं नाही, हे नेम त्याच्या आधीपासूनचे. दिलेला शब्द मोडणं म्हणजे खोटंच बोलणं.

तर टिकल्या. उपकेंद्राच्या फोटोखाली कांजिण्या उठाव्या तशा लाल टिकल्या उठल्या. शाळेखाली तीन. दोन शाळेतल्या एकुलत्या मुलीच्या, दाओनच्या, आईवडिलांच्या. तिसरी ब्योन सिस्टरांनी जाऊन लावली.

“सिस्टर, चष्मा घाला की,” हामानवाली म्हणाली. “चुकीच्या पाटीवर लावलीत.”

“घातलाय,” सिस्टर म्हणाल्या आणि आपल्या जागी येऊन बसल्या.

उरलेल्या टिकल्यांचा कागद कारकुनानं दाओनला खेळायला देऊन टाकला. फलक गुंडाळताना तो म्हणाला, की शाळा मिटवायची तर पालकांची सही लागते. सही नसेल तर मुलं आहेत तोवर शाळा चालवावीच लागते, आणि मग उपकेंद्राचा पैसा तिकडे जाईल. टिकल्या कितीही असोत.

पालक म्हणजे एकच घर. सगळे त्या घराकडे बघायला लागले. दाओनची आई मांडीवरच्या धाकट्याची, सोलची, टोपी नीट करत होती.

हे घर आम्हीच आणलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी शाळेत मूल उरलं नव्हतं तेव्हा मेंगनी रस्त्यावर कापडी फलक लावला, मुलं असलेल्या कुटुंबाला घर फुकट. शहरातून हे चौघं आले. बाप घरोघर सामान पोचवायच्या ट्रकवर. आम्ही त्यांच्या घराची जमीन उखडून खालच्या, ऊब देणाऱ्या धुराच्या वाटा साफ करून दिल्या. अंथरूण-पांघरूण मी दिलं, माझ्या रुखवतातलं, न वापरलेलं. दाओन तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेची घंटा पुन्हा वाजली त्या दिवशी मेंग रडले होते.

मेंग पिकल्या पर्सिमन फळांची पेटी घेऊन सही मागायला त्यांच्याकडे गेले. परत आले ते तडक बैठकघरात. आम्ही बायका तिथं जमिनीच्या उबेला पाय पसरून लसूण सोलत होतो.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, सहावीपर्यंत इथंच शिकवा असं तुम्हीच म्हणाला होतात. पोरीला घाटात गाडी लागते. रोज जाऊन येऊन दोन तास ओकत बसेल, म्हणाली.”

“मग आम्ही मरायचं का तिच्या ओकारीपायी?” हामानवालीला साखर आहे, आठवड्याला सिस्टर तिचं बोट टोचतात. “फुकट घरात राहते आणि सही करायला हात दुखतो. मी आत्ता जाते आणि दारात उभी राहून सांगते तिला.”

“मीही येते,” कुणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, “कुणी वाईट बोलायचं नाही.”

माझा आवाज लहान आहे. मी बोलायला लागले की सगळ्या गप्प होतात, नाहीतर ऐकू येत नाही.

“तिनं आपलं काय वाईट केलंय? तोंडातून शिवी गेली की ती आपल्यालाच चिकटते. आपण फक्त आपल्यापुरतं बघायचं. यंदा किम्चीला कोबी किती आणायचा?”

“दरवर्षीसारखा,” हामानवाली म्हणाली. “एकसष्ट घरं.”

“साठ घरांचा आणू,” मी म्हटलं.

लसूण सोलणारे हात थांबले आणि मग पुन्हा चालू झाले. आमच्याकडे सगळं घरांवर मोजतात. वर्गणी घरामागे, रस्ता झाडायला माणूस घरामागे, कोणी मेलं की तांदूळ घरामागे. एकसष्टातलं एक घर गेलं तर साठ राहतात. साठ म्हणजे भरलेलं गाव.

किम्ची नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घालतो. आदल्या दिवशी कोबी चिरून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी धुऊन, मुळा-तिखट-कोळंबीच्या खारात कालवलेला मसाला पानापानात भरायचा. प्रत्येक घराचा डबा ओळीत मांडलेला असतो. मागच्या वर्षी डब्यांवर आकडे दाओननं लिहिले होते, एक ते एकसष्ट, आणि आपल्या आकड्याभोवती फूल काढलं होतं.

त्या सकाळी दाओनची आई लाल रबरी हातमोजे घालून, सोलला पाठीला बांधून आली. दाओनच्या हातात रंगीत पेनं होती. बैठकघराच्या अंगणात आम्ही तीसेक बायका वाकलेल्या. डुकराचं मांस शिजायला लावलेलं होतं, वास सुटला होता.

“उशीर झाला का, आजी?” तिनं मला विचारलं.

“नाही, नाही.”

“मी कुठं बसू?”

कुणी सरकलं नाही. कुणी मान वर केली नाही. हामानवाली एवढी बोलकी, तीही कोबीच्या पानात डोकं घालून बसली होती.

“यंदा साठ घरांचाच कोबी आणलाय गं,” मी म्हटलं.

तिला लगेच कळलं नाही. “मग आमचा मी बाजारातून आणते. दहा-बारा नग. दाओनचे बाबा संध्याकाळी—”

“मीठही साठ घरांचंच आहे. तुला कशाला त्रास? पोरं लहान आहेत, थंडी आहे. तू घरी जा.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

ती हातमोजे घातलेले हात पुढे धरून उभी राहिली. दाओन डबे मोजत ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. “आई, आपला नाहीये,” ती म्हणाली. “फूलवाला डबा पालथा घातलाय, त्याच्यावर मीठ ठेवलंय.”

दाओनच्या आईनं वाकून आम्हाला नमस्कार केला, नीट, कमरेतून, आणि मुलीचा हात धरून निघून गेली. ती वळणाआड गेल्यावर हामानवाली म्हणाली, “मसाल्याला मीठ कमी पडलंय.” मग सगळ्या बोलायला लागल्या.

त्यानंतर काही वेगळं करावं लागलं नाही. वाटेत भेटली तर सगळे मान लववत. फिरत्या दुकानाच्या गाडीपाशी ती आली की तिला पुढे जागा करून देत, म्हणजे रांगेत तिच्याशी बोलावं लागत नसे. कुणाच्या अंगणातला मुळा, कुणाच्या चटईवरचं भाताचं वाळवण, काहीही त्या दारात गेलं नाही. “विकतची किम्ची खातात,” हामानवाली एकदा म्हणाली. “कचऱ्यात पिशव्या बघितल्या मी. प्लास्टिकच्या.” तिच्या आवाजात दया होती.

दाओन मात्र येत राहिली. शाळा साडेतीनला सुटायची. ती तडक आमच्या पडवीत यायची, ह्यांच्या खुर्चीपाशी. पहिलीपासूनचा खेळ होता त्यांचा. ती पाढा म्हणायची. बरोबर असलं तर ह्यांनी डावा हात उचलायचा, चूक असलं तर डोळे मिटायचे. ती मुद्दाम चुकायची आणि ह्यांनी डोळे मिटले की टाळ्या पिटायची. ह्यांचं अर्धं तोंड हसायचं. डाव्या पंजाच्या मागच्या बाजूला तिनं त्या कारकुनाची लाल टिकली लावली होती. मी अंघोळ घालताना ती काढायला गेले, तर ह्यांनी हात छातीशी ओढून घेतला. चार वर्षांत ह्यांनी आपण होऊन केलेली ती एकच हालचाल.

डिसेंबरात एक दिवस ती आली तेव्हा मी पडवीच्या पायरीवर बसले होते. म्हटलं, “दाओन, आजोबा आता दुपारचे झोपतात.” ते त्या दिवसापुरतं खरं होतं. मी त्यांना नेमकं त्या वेळी आत नेऊन निजवलं होतं.

“उद्या?”

“उद्याही मी त्यांना निजवणार आहे.”

ती थोडा वेळ आमच्या दाराकडे बघत राहिली. आतून हे घशातून आवाज करत होते. “जागे आहेत,” ती म्हणाली.

“घरी जा बाळ, आई वाट बघत असेल.”

त्या महिन्यात मी दंडवत घालताना एकच मागत होते, उपकेंद्र राहू दे. एकशेआठ मणी, एकशेआठ वेळा तेच.

जानेवारीत, शाळेच्या हिवाळी सुट्टीत, दाओनच्या घरचे गाव सोडून गेले. सही कुणालाच करावी लागली नाही. मूलच नसलं तर शाळा आपोआप मिटते. बापानं सगळं सामान आपल्याच ट्रकमध्ये भरलं. दाओनची आई माझ्या दारी आली. मी दिलेलं अंथरूण-पांघरूण तिनं धुऊन, वाळवून, घडी घालून आणलं होतं. घड्या इतक्या सरळ होत्या, की मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली.

“आजी, फार उपकार झाले तुमचे,” ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. मी शोधला.

दाओन ह्यांच्या खाटेपाशी गेली होती. “सात आठे चोपन्न,” ती म्हणाली.

ह्यांनी डोळे मिटले नाहीत.

“आजोबा, चूक आहे. मिटा ना.”

हे तिच्याकडे नुसते बघत राहिले. पापणीही लवली नाही. बाहेरून हॉर्न वाजला आणि ती पळत गेली.

फेब्रुवारीत शाळेची घंटा उतरवून तालुक्याला नेली. मेंगनी बैठकघरात दारू दिली. मी पीत नाही, मी भाताची पेज घेतली. त्या हिवाळ्यात गावात एकही मरण झालं नाही, तेही आम्ही पुण्याईच समजलो. पुढच्या मंगळवारी ब्योन सिस्टर नळी बदलून गेल्या. हल्ली त्या काम करायच्या, पण चहाला थांबत नसत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उपकेंद्राच्या दारावर कागद लागला. चेरी फुलली होती, कागदावर पाकळ्या चिकटल्या होत्या. मेंगनी तो तीनदा वाचला आणि मग कारकुनाला फोन लावला, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असा.

“एकतीस मार्चची नोंद अठ्ठ्याण्णव आहे, आजोबा.”

“असं कसं? एकच घर गेलं. साठ घरं आहेत.”

“घरं नाही, माणसं. एकशेदोन होती. चार गेली.”

“त्यातली दोन पोरं होती.”

“पोरं माणसंच असतात, आजोबा. मी तेव्हाच सांगितलं होतं, शंभर.”

मेंगनी फोन खाली ठेवला आणि बोटांवर मोजलं. बाप, आई, दाओन, सोल. मग पुन्हा मोजलं. हामानवाली म्हणाली, “अगं, ते पाठीवरचं पोरगंसुद्धा धरतात?”

“दोन माणसं हवीत,” मेंग म्हणाले. “फक्त कागदावर. ज्याला मुलं आहेत त्यानं फोन लावा.”

प्रत्येकानं आपापला फोन काढला. त्या दिवशी दुपारभर बैठकघराच्या अंगणात साठ-सत्तर म्हातारी माणसं लांब लांब उभी राहून विनवण्या करत होती. मी जुनग्युला, आमच्या मुलाला, लावला.

“आई, नोंद हलवली की पोराची शाळा बदलते. ही शाळा मिळावी म्हणून आम्ही कर्ज काढून इथं घर घेतलंय. तो काय दोल्मोरूच्या शाळेत येणार का?”

“इथं शाळा नाही आता.”

“मी तेच म्हणतोय.”

“तुझी एकट्याची हलव. बाबांसाठी.”

“माझी हलवली तर पोराचीही हलवावी लागते, आई. चौकशी होते. दंड होतो. तू समजून घे ना.” मग म्हणाला, “सेवागृहं आता चांगली असतात म्हणे.”

अंगणातल्या कुणालाच दोन माणसं मिळाली नाहीत. मेंगना तीन मुलगे आहेत.

शेवटी मी दाओनच्या आईला फोन केला. तिनं दुसऱ्या घंटीला उचलला. मी सगळं सांगितलं, सरळ, काही न लपवता. दोघांची नोंद तरी परत आण, म्हटलं, घर आम्ही पुन्हा देतो, किम्ची देतो.

ती ऐकून घेत होती. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

“आजी, नोंद आम्ही त्याच आठवड्यात हलवली. नव्या शाळेला कागद लागतो. आता परत आणली तर दाओनची शाळा सुटेल. तिला इथं मैत्रिणी झाल्यात. गाडीत बसावं लागत नाही, चालत जाते.” मग तिनं विचारलं, “आजोबा कसे आहेत? दाओन रोज विचारते.”

मी म्हटलं, “बरे आहेत.” ते तेव्हा खरं होतं.

ब्योन सिस्टरांची बदली झाली. शेवटच्या मंगळवारी त्यांनी मला नळी धुवायला शिकवली, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आणि जाताना म्हणाल्या, “बोसाल आजी, ताप आला तर तासभरही थांबू नका.” मी अठरा दिवस केलं. एकोणिसाव्या पहाटे दंडवत चालू असताना आतून आवाज आला. साठेक झाले होते. मी एकशेआठ पुरे करून उठले. तोवर ह्यांचं अंग भट्टीसारखं झालं होतं आणि पिशवीतलं लाल झालं होतं.

इस्पितळातून ते घरी आलेच नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी सेवागृहाच्या कागदावर सही करा म्हटलं. मी केली. माझा हात दुखला नाही.

सहा खाटांची खोली आहे. ह्यांची खाट खिडकीजवळ आहे, पण ते खिडकीकडे बघत नाहीत. मी आठवड्यातून दोनदा बसनं जाते. घाटात मला हल्ली मळमळतं. डाव्या हाताची टिकली तिथल्या बायकांनी पहिल्याच दिवशी स्पिरिटनं पुसून काढली. त्या जागी थोडी गोरी कातडी आहे.

काल मी गेले तेव्हा चारला दहा कमी होते. तिथली पोरगी, नवीन आहे, हसऱ्या तोंडाची, ह्यांच्या उशा ठीक करत होती. म्हणाली, “आजी, तुमचं नशीब बघा. आजोबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतात. पण रोज साडेतीन वाजले की मान वळवून दाराकडे बघायला लागतात, पार अंधार पडेपर्यंत. तुमची वाट बघतात ना?”

हे दाराकडेच बघत होते. मी दारात उभी होते, आणि ते माझ्या बाजूनं, माझ्या कमरेच्या उंचीवर बघत होते.

“हो,” मी म्हटलं. “माझीच.”